देवाला हरवायचं कसं? (एकतिसावं प्रकरण अडलंय)

मठार (धागाकर्ता), रविवार रात्री ९.५०

मंडळी, दोन वर्षं एक कादंबरी लिहितोय हे इथल्या जुन्या लोकांना माहीत आहे, आणि त्यावरून त्यांनी वेळोवेळी टोमणेही मारलेत. नव्यांसाठी थोडक्यात सांगतो. नदीकाठी तांबटांचं एक गाव. गावाच्या वरच्या अंगाला डोह, डोहात डोहाई. ही दर पावसाळ्यात एक माणूस घेते आणि बदल्यात नदीला वेशीच्या आत येऊ देत नाही. तीनशे वर्षं हा व्यवहार बिनबोभाट चाललाय. यंदा चिठ्ठी निघते रुकमाच्या धाकट्या भावाची. रुकमा तांबटाची पोर, वय एकोणीस, बाप गेल्यापासून घरातलं मठारकाम, म्हणजे तांब्याच्या भांड्यांना ठोके द्यायचं काम, तीच करते. तीस प्रकरणं झाली. एकतिसाव्यात ती डोहात उतरते, भाला मारते, डोहाई मरते.

आज सकाळी हे प्रकरण आमच्या रविवारच्या टोळक्यात वाचून दाखवलं. कसब्यातलं नेहमीचं अमृततुल्य, चार जण, तीन चहा. वाचून झाल्यावर कोणी काही बोलेना. मग एरवी कशालाही 'भारी रे' म्हणणारा आमचा एक मित्र कप खाली ठेवत म्हणाला, "म्हणजे ती मगर होती का?"

दिवसभर तेच डोक्यात. कारण बरोबर बोलला तो. भाल्याने मेली तर देवी कसली? आणि भाल्याने मरणार नसेल तर रुकमाने करायचं काय? भजन?

तेव्हा मदत करा. माणसाने देवाला, दैत्याला, असल्या अफाट कशाला तरी हरवलं आणि तुम्हाला ते मनापासून पटलं, असं काय वाचलंय-पाहिलंय? आणि का पटलं? 'शेवटी प्रेमाचा विजय होतो' छापाचे प्रतिसाद देणाऱ्यांना पत्ता शोधून भेटायला येईन.

सिंहगड_रोडकर, १०.०२

वर्षाला एक माणूस घेऊन नदी आत येऊ देत नाही? आमच्याकडे पाठवा हो तिला. माणूस आम्ही सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकमताने निवडून देतो.

शाईचा_डाग, १०.३१

तुझा घोळ शस्त्रात नाहीये रे, हिशेबात आहे. मला पटलेल्या गोष्टींमध्ये देव किंवा दैत्य तिथेच हरतो, जिथे मोजायचं त्याने मनावर घेतलेलं नसतं.

घरचंच उदाहरण घे. रावणाने वर मागताना यादी दिली. देव, दानव, यक्ष, नाग, राक्षस, यांच्या हातून मरण नको. माणसाचं नाव नाही त्यात. विसरला म्हणून नव्हे. उत्तरकांडात तो सरळ सांगतो की माणसंबिणसं मला गवताच्या काडीसारखी. तेवढी एक फट राहिली, आणि तिच्यातून आत यायला विष्णूलासुद्धा माणूस व्हावं लागलं.

दुसरं उदाहरण ग्रीक महाकाव्यातल्या ओडिसियसचं. एकडोळ्या पॉलिफिमसला तो आपलं नाव सांगतो 'कुणी नाही'. डोळा फुटल्यावर राक्षस गुहेतून बोंबलतो, 'मला कुणी नाही मारतंय!' शेजारचे राक्षस म्हणतात, मग झोप की मुकाट्याने. गंमत पुढे आहे. गलबत सुटल्यावर ह्याला राहवत नाही. किनाऱ्याकडे तोंड करून स्वतःचं खरं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव ओरडून सांगतो. राक्षसाचा बाप समुद्रदेव पोसायडन. झालं, पुढची कित्येक वर्षं समुद्राने घोळवला त्याला. 'कुणी नाही' होता तोवर जिंकला, नाव सांगितलं आणि अडकला.

तर प्रश्न असा की तुझी डोहाई काय मोजत नाही?

पंतोजी, १०.४४

रामाचं उदाहरण बाद. राम विष्णूचा अवतार. देवाने राक्षस मारला, यात माणसाचं काय कौतुक?

शाईचा_डाग, १०.५२

पंतोजी, युद्धकांडाच्या शेवटी जा. रावण मेलाय, सीतेची अग्निपरीक्षा चालू आहे, सगळे देव येऊन रामाला सांगताहेत की तू कोण आहेस. तो काय म्हणतो? 'आत्मानं मानुषं मन्ये रामं दशरथात्मजम्.' मी स्वतःला माणूस समजतो, दशरथाचा मुलगा राम. लढाई संपेपर्यंत त्याला ठाऊक नाही, निदान वाल्मीकी तरी तसंच सांगतो. आपण कीर्तनातून आधीच सगळं ऐकून बसलोय म्हणून आपल्याला तो देव दिसतो.

पंतोजी, १०.५८

हे मान्य. पण अर्धंच.

अंगठीवाला, ११.१५

शाईताईंना +१. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये टॉल्किनने हीच फट वापरली आहे. नाझगूल म्हणजे भुतासारखे काळे स्वार, त्यांचा म्होरक्या अंगमारचा चेटकी राजा. 'कुणी पुरुष मला अडवू शकत नाही' असा त्याचा तोरा. पेलेनॉरच्या रणात त्याच्यासमोर शिरस्त्राण काढून उभी राहते एओविन. बाई. इथवर सगळ्यांना पाठ असतं.

लोक विसरतात तो मेरी. हॉबिट, म्हणजे बुटक्या जातीचा, कमरेएवढा, लढाईला येऊ नको म्हणून सांगितलेला, चोरून आलेला. तो मागून राजाच्या गुडघ्यामागे सुरा खुपसतो. आणि तो सुरा पहिल्या भागात एका थडग्यातून मिळालेला असतो. शेकडो वर्षांपूर्वी उत्तरेच्या लोकांनी नेमका ह्याच अंगमारशी लढताना घडवलेला. ज्या कारागिराने घडवला तो कधीच मेला, त्याचं राज्य बुडलं, थडग्यावर गवत उगवलं. पण काम झालं.

मठारराव, हे तुमच्यासाठी सांगतोय. तुमची हिरोईन तांबट आहे ना? मग तिच्या हातात भाला का दिलात? भाला काय तांबट वापरतो?

(आणि किंमत विसरू नका. एओविनची तलवार फुटते, मेरीचा सुरा धूर होऊन विरघळतो, दोघेही मरणाच्या दारातून परत येतात. फुकट काही नाही.)

मठार, ११.२३

भाला का दिलात... दोन वर्षांत हा प्रश्न मला पडला नाही. झोपतो आता.

वीसपैलू, सोमवार सकाळी ८.१०

आमच्या टेबलावरची गोष्ट सांगतो. कोथरूडात मित्राच्या हॉलमध्ये दर शनिवारी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ) खेळतो. हा खेळ आला १९७४ साली. १९८० मध्ये त्यांनी देवदेवतांचं एक पुस्तक काढलं, त्यात ग्रीक देव, नॉर्स देव आणि आपले इंद्र-अग्नीसुद्धा. प्रत्येकाला आकडे दिलेले, चिलखत किती, हिट पॉइंट (म्हणजे जीव) किती. झालं! जगभरच्या खेळाडूंनी एकच अर्थ काढला, आकडा आहे म्हणजे शून्यावर आणता येतो.

आम्हीही आणला. आठ महिन्यांची मोहीम, शेवटी मृत्यूची देवता समोर. पाच जण, साडेतीन तास, फासे खुळखुळताहेत, एक जण मोबाइलवर गणित करतोय. देवता मेली. तेवढ्यात काकू पोहे घेऊन आल्या. आम्ही पोहे खाल्ले आणि घरी गेलो. कुणाला काही वाटलंच नाही.

पण त्याच मोहिमेत चौथ्या महिन्यात एक पुलाखालचा बुटका राक्षस होता. आमच्यातल्या एकीने त्याच्याशी पैज लावली की तू मला कोडं घालशील त्याचं उत्तर मी देणार नाही. तो राक्षस दोन शनिवार अडकला होता. त्याची आठवण अजून निघते. देव मारल्याची नाही निघत.

होमरचा_भाडेकरू, दुपारी १.४०

ऑफिसातून लिहितोय, त्रोटक माना. (मागाहून: त्रोटक झालं नाही.)

मला वाटतं 'फट' हा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार म्हणजे देवानेच उसनं दिलेलं बळ. होमरच्या इलियडचा पाचवा सर्ग अख्खा डायमिडीजचा आहे. हा शंभर टक्के माणूस, आईबाप दोन्ही माणसं. अथीना देवी त्याच्या डोळ्यांवरचं धुकं काढते म्हणून त्याला रणातले देव ओळखू येतात. तो प्रेमदेवता अॅफ्रोडाइटीच्या मनगटापाशी भाला मारतो, ती पोराला तिथंच टाकून रडत पळते. मग अपोलोवर तीनदा धावून जातो. चौथ्यांदा अपोलो नुसता बोलतो, 'जरा भान ठेव, आपली जात एक नाही.' आणि हा मागे सरतो. शेवटी खुद्द युद्धदेव एरीझच्या पोटात भाला. पण रथात अथीना स्वतः बसलेली आणि भाला तिनेच रेटलेला. एरीझ नऊ-दहा हजार माणसांनी एकदम आरोळी ठोकावी तसा ओरडतो आणि आभाळात बापाकडे तक्रार घेऊन जातो. झ्यूस म्हणतो, माझ्यासमोर रडू नकोस.

म्हणजे भाला लागतो, पण देव मरत नाही. अपमान होतो, तोही दुसऱ्या देवाच्या मेहेरबानीने. हे मला डोहाईच्या भाल्यापेक्षा जास्त खरं वाटतं, कारण होमर देवाला मगर होऊ देत नाही.

आणि आता मठारसाठी खाऊ. त्याच सर्गात अॅफ्रोडाइटीची आई तिची समजूत घालते की बाई, आपल्यातल्या अनेकांनी माणसांचा मार खाल्लाय. पहिलंच उदाहरण देते एरीझचं. ओटस आणि एफिअॅल्टीझ या दोन दांडग्या भावांनी त्याला बांधून कांस्याच्या रांजणात तेरा महिने कोंडून ठेवला होता. कोणी चुगली केली म्हणून सुटला, नाहीतर आतच संपला असता.

कांस्याचा रांजण. तेरा महिने. तांबटाच्या पोरीला याहून काय हवं?

मठार, १.५२

थांबा. थांबा थांबा थांबा.

थंड_पडलेला_चहा, ३.०५

लवक्राफ्टचं कोणी बोलत नाही? 'द कॉल ऑफ थुलू', १९२८. समुद्रातून वर आलेल्या त्या डोंगराएवढ्या प्रकाराच्या डोक्यात एक खलाशी सरळ बोट घुसवतो. डोकं फुटतं, घाण उडते, बोट पलीकडे निघते. खलाशी मागे वळून बघतो तर फुटलेलं परत जुळून येतंय. तो वाचतो, पण नंतर त्याचं जगणं म्हणजे नुसतं मरणाची वाट पाहणं. हा पराभव की विजय, सांगा.

सासवडकर, ६.३०

*('तुंबाड' पाहिला नसेल तर हा प्रतिसाद ओलांडून पुढे जा.)*

पुणेकरांनो, तुमच्याच गावात राहणाऱ्या माणसाची गोष्ट आणि एकानेही काढली नाही? विनायकराव तुंबाडहून थैली भरून आणतो आणि पुण्यात मोडतो. आणि तो पावसात भिजणारा वाडा आमच्या सासवडचा, शूटिंग इथलं. २०१८ साली आला तेव्हा मी रिकाम्या थेटरात पाहिला, २०२४ मध्ये परत लागला तेव्हा तिकीट मिळेना. नारायण धारप वाचून रात्री पांघरुणातून पाय बाहेर न काढलेल्या पिढीला तो वास लगेच ओळखू येतो.

बघा, हस्तर हा देवीचा थोरला मुलगा. सोनं त्याने मिळवलं, पण धान्याला हात लावायला गेला आणि बाकीच्या देवांनी फाडला. म्हणजे सोन्याचा धनी, पण जन्माचा उपाशी. विनायक त्याच्याशी लढतो का? छे! कणकेची बाहुली घेऊन जातो, पिठाचं रिंगण आखून आत बसतो, हस्तर बाहुलीवर तुटून पडला की त्याच्या लंगोटातून नाणी ओरबाडतो आणि दोरीने वर. देवाची खिसेकापी आहे ही! किती वर्षं चालते. शस्त्र कुठलं, तर कणीक. आपल्या आयांच्या हाताला रोज लागते ती.

आणि हरतो कधी? जास्त नाणी हवीत म्हणून जास्त बाहुल्या नेतो तेव्हा. जितक्या बाहुल्या तितके हस्तर. हिशेब चुकला तो माणसाचा. शाईताईंच्या सिद्धांताला ही दुसरी बाजू जोडा, मोजायला देव चुकला तर माणूस जिंकतो, आणि माणूस चुकला तर काय होतं ते पोरगा शेवटी डोळ्यांनी बघतो.

शाईचा_डाग, ६.४४

दंडवत. 'देवाची खिसेकापी' मी चोरणार आहे.

विवेकी_बाण, ७.२०

मुळात देवच नाहीत तर हरवायचं कोणाला? एकविसाव्या शतकात असल्या गोष्टी लिहून समाजाला मागे

पंतोजी, ७.२४

आला. आमच्या देवांबद्दल 'खिसेकापी' वगैरे शब्द वापरणाऱ्यांनी हेच इतर धर्मांबद्दल

संपादक, ८.०५

या धाग्याचं काश्मीर होऊ देणार नाही. पुढचे एकोणीस प्रतिसाद उडवले आहेत. हस्तर सिनेमातला आहे, डोहाई कादंबरीतली आहे. विषयावर या.

टेकडीवरचा_गवती, ९.१०

उडवलेल्यात माझाही एक होता, त्यातला कामाचा भाग परत देतो.

मी रोज सकाळी वेताळ टेकडी चढतो. वर वेताळाचं देऊळ, शेंदूर, नारळ. वेताळ म्हणजे कोण? गोष्टीतला, प्रेतात शिरून झाडाला लटकणारा. विक्रम राजा त्याला पंचवीस वेळा खांद्यावर वाहतो आणि शेवटी तोच राजाला युक्ती सांगतो. जोगी म्हणेल साष्टांग नमस्कार घाल, तेव्हा म्हण, मी राजा, मला कधी वाकायची सवय नाही, तूच करून दाखव. जोगी वाकतो आणि मुंडकं जातं. विक्रमाने वेताळाला हरवलं का? नाही. वाहून वाहून आपलासा केला.

म्हसोबाही तसाच. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्यात राहायचे, या आसपासच्या टेकड्या आणि वेशीबाहेरचे दगड त्यांनी पायी पालथे घातले. त्यांचं 'मिथ अँड रिअॅलिटी' १९६२ चं. म्हसोबाचा माग त्यांनी महिषासुरापर्यंत नेलाय. म्हणजे देवीने ज्याला मारला, तो पुराणात मेला आणि शेताच्या बांधावर शेंदूर लावून बसला. वीर गावचा म्हस्कोबा तर जोगूबाईशी लग्न लावून संसाराला लागलाय! खंडोबाने मणी दैत्याला मारलं तर त्यानेही मरताना देवाजवळ जागा मागून घेतली.

सांगायचं काय, तर आपल्या मातीत हरलेला संपत नाही. त्याची सोय लावतात. मठार, तुझी डोहाई मेली पाहिजे असं कोणी सांगितलं?

वीसपैलू, ९.१६

तेच म्हणतो. मारली की पोहे.

थोरली_पाती, १०.१५

बाळांनो, मी ही फँटसी-बिंटसी वाचत नाही. नातू वाचतो, त्यानेच हा धागा दाखवला आणि म्हणाला, आजी, तू लिही. चष्मा लावून सगळं वाचलं. तुम्ही मारामाऱ्याच करत बसलात.

अनसूयेची गोष्ट कोणी सांगितली नाही. तीन देव तिची परीक्षा बघायला भिक्षेकरी होऊन आले आणि म्हणाले, विवस्त्र होऊन वाढ. तिने नाही म्हटलं नाही आणि रागावलीही नाही. पाणी शिंपडलं, तिघांची तान्ही बाळं केली आणि मग वाढलं. लेकरांपुढे आईला कसली लाज? तिकडे तिघांच्या बायका नवरे परत मागायला आल्या. आमच्या लहानपणी बुधवारातल्या दत्ताला जाताना माझी आजी ही गोष्ट सांगायची आणि बाळं केली इथे आली की हसायची.

आणि पुंडलिक. प्रत्यक्ष पांडुरंग दारात आला. हा आईवडिलांचे पाय चेपत होता. उठला नाही. वीट फेकली आणि म्हणाला, उभा राहा, हात गुंतलेत. तो अजून उभा आहे. नामदेवांनी आरतीत युगांचा आकडा दिलाय, अठ्ठावीस. आषाढीच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा मी दरवर्षी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला जाऊन येते आणि मनात म्हणते, काय रे, कसा अडकवला तुला!

हरवलंच की त्याने. पण देवाला राग नाही आला. कामात असलेल्या माणसावर देवालाही रागावता येत नाही.

तुझी ती रुकमा सारखी लढायलाच का जाते? घरात काम नाही का तिला?

पंतोजी, १०.२२

आजी, याला अर्धं नाही. पूर्ण मान्य.

अंगठीवाला, १०.२५

धागा संपला. आजींनी संपवला. वाचनखूण साठवली आहे.

मठार, बुधवार रात्री १.१०

दोन दिवस गायब होतो, माफी. काल दुपारी तांबट आळीत जाऊन उभा राहिलो. तिथे आता पूर्वीइतकी घरं हातोडा मारत नाहीत, पण एका दारात काम चालू होतं. भट्टीतून लाल काढलेला पत्रा पाण्यात टाकला की तांबं इतकं मऊ होतं की हाताने वाकेल. मग ऐरणीवर धरून ठोके. प्रत्येक ठोक्याचा एक गोल, चकचकीत खळगा, त्याला चिकटून दुसरा, ओळीने. मला वाटायचं मठार शोभेसाठी. तसं नाहीये. ठोक्याठोक्याने तांबं ताठ होतं. हंड्याच्या पोटाला ताकद येते ती त्या खळग्यांनी. हंडा फिरवणारा डावा हात डोळे मिटूनही चुकत नव्हता.

भाला काढून टाकला आहे. नवा आराखडा असा: डोहाई माणसं मोजते. तीनशे वर्षांत तीनशे, एकही चूक नाही. पण गावातल्या बायका रोज पहाटे डोहावरून पाणी भरतात ते तिने कधी मोजलं नाही. पाणी भरणाऱ्या बायकांना कोण मोजतं? वैशाखात डोह कमरेएवढा उरतो. रुकमा सगळा हिवाळा नुसते हंडे करते, आणि वैशाखात अख्खं गाव पाणी भरायला जातं. नेहमीसारखं, गप्पा मारत. शेवटचा तुकडा चिकटवतो, कच्चा आहे:

*"डोहात आता परात भरेल एवढंच पाणी उरलं होतं. रुकमाने हंडा आडवा केला. पाणी आपण होऊन आत आलं, ते थंड नव्हतं.*

*'मला कुठे नेतेस?' हंडा म्हणाला.*

*'घरी.'*

*'बाकीची मी कुठे आहे?'*

*'सोनारकाकूंकडे आहेस. खालच्या आळीत आहेस. सतरा घरी चुलीशेजारी आहेस.' रुकमाने चुंबळ सारखी केली, हंडा डोक्यावर घेतला. आतून कुणीतरी पोटावर टकटक केली. मठाराचे खळगे तिच्या तळव्याला मोजता येत होते आणि एकही हलला नाही.*

*'मला बाहेर कधी काढशील?'*

*'थांब जरा,' रुकमा म्हणाली. 'संध्याकाळचा स्वयंपाक आहे. हात गुंतलेत.'"*

शाईचा_डाग, सकाळी ७.३५

अंगावर काटा. 'सतरा घरी चुलीशेजारी' वर थांबले आणि आमच्या ओट्यावरच्या पिंपाकडे बघितलं.

थंड_पडलेला_चहा, ७.५०

भारी. पण पावसाळ्यात काय? डोह पुन्हा भरेल, नदी आत येईल. करार तर मोडला.

टेकडीवरचा_गवती, ८.०२

नदी वेशीशी आली की हंड्यातली ओरडेल, 'थांब, मी घरात आहे.' स्वतःच्या घरात पाणी कोण घेईल?

वीसपैलू, ८.०४

हे घे. हे घेच.

कथील, ११.२०

नमस्कार. सभासद होऊन चार वर्षं झाली, लिहितो पहिल्यांदाच. आमचं घर तांबटांचं, आता मुलगा बँकेत आहे. गोष्ट आवडली. एक चूक सांगू का? तुमच्या रुकमाने हंड्यांना आतून कल्हई केल्याचं कुठे दिसलं नाही. नुसत्या तांब्यात साधं पाणी ठेवायला हरकत नाही, पण ही बाई साधं पाणी नाही. चुलीशेजारी सतरा घरांत राहणार, कोणी ताक ओतणार, कोणी चिंच. कळकेल की ती. आणि कळकलं तर त्या घरातली माणसं आजारी पडतील. म्हणजे पुन्हा माणसं घ्यायला लागलीच ती.

मठार, ११.२६

काका, नमस्कार. हे मला सुचलंच नसतं. कल्हई एकदा केली की किती टिकते?

कथील, ११.४१

वापरावर आहे. रोज घासलं तर काही महिन्यांत तांबं डोकावायला लागतं. मोठ्या हंड्याला फार तर वर्ष.

मठार, ११.४४

म्हणजे दर वर्षी. सगळ्या घरांतली. जन्मभर. आणि तिच्यानंतर कोणीतरी शिकलेलं हवं.

कथील, ११.५२

हो, शिकवावंच लागतं, बघून येत नाही. हंडा तापवायचा, कथलाची कांडी आतून फिरवायची, नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने एका झटक्यात पुसायचं. झटका चुकला की ठिपके राहतात, आणि तुमची ती ठिपक्यातूनच बाहेर येईल. मुलीला सांगा, नवसागराचा धूर डोळ्यांत जातो, पुसताना मान बाजूला ठेवायची.